मोकळा रकाना

उणे चिन्ह राहून गेलं माझ्याकडून,
आणि बोमॅरिसच्या धक्क्याखालचे एकशे बारा खेकडे
एका रात्रीत हॉलंडबाहेर, भर समुद्रात जाऊन बसले.
सकाळी तिकडच्या कुणा मार्येकेचं पत्र:
खेकडे छान आहेत, पण आमचे नाहीत.
रेखांश एकदा बघाल का?

बघितला. उणे चार पूर्णांक शून्य नऊ.
एक आडवी रेघ ओढली,
खेकडे तिरके तिरके घरी आले.

नेस्टा प्रॉबर्टच्या तेरा वह्या माझ्या टेबलावर.
भूगोल शिकवायची. जाऊन नऊ वर्षं झाली.
दर उधाणाच्या ओहोटीला गमबूट घालून
मेनाईच्या चिखलात उतरायची,
त्याच दगडांपाशी.
मी आचऱ्याची, मला उधाण तिथीनं कळतं,
तिला छापील कोष्टकानं कळायचं.
तारखा ताडून पाहिल्या:
प्रतिपदा, द्वितीया, पुन्हा द्वितीया.
बाई एकदाही चुकलेली नाही.

एका पानावर चहाच्या कपाचा गोल आहे.
तो कुठे भरू?
रकाने ठरलेले: नाव, जागा, तारीख, किती, कोणी पाहिलं.
थंडीला रकाना नाही.

मोकळा रकाना म्हणजे कुणी गेलं नाही.
शून्य म्हणजे कुणीतरी गेलं, वाकलं,
दगड उलटला,
होता तसा परत ठेवला,
आणि नव्हतं.
शून्य लिहायला पाय भिजवावे लागतात.

डॉगव्हेल्क, पेराएवढा शंख.
चाळीस. बावीस. नऊ. नऊ. तीन.
मग शून्य. त्याखाली दोन रेघा
आणि वेल्शमध्ये काहीतरी, शाई पसरलेली.
ते विचारायला इडवल पॅरीकडे गेले.

त्यानं चष्मा पुसला.
"पुन्हा बघ, असं लिहिलंय. स्वतःलाच."
मग मी केलेला आलेख हातात घेतला,
उतरणीवरून बोट फिरवत खाली आला,
आणि सालापाशी थांबला.
"त्या वर्षांत आम्ही सगळ्यांनीच होड्यांना तो नवा रंग लावला.
काही चिकटत नसे तळाला.
फार चांगला रंग."

किटली कधीच उकळून बंद झाली होती.
उठलं कुणीच नाही.
शेवटी तो आत गेला, बिस्किटांचा डबा घेऊन आला.
आत पावत्या: साल, लिटर, होडीचं नाव.
"हेही घाल. नाव माझंच घाल."
पावत्यांना माझ्या तक्त्यात जागा नव्हती.
शेरा नावाच्या शेवटच्या रकान्यात,
जिथे लोक 'ढगाळ' वगैरे लिहितात,
तिथे मी त्या बसवल्या.

अडलं ते कालवांवर.
जुन्या कालवांचा एक पट्टा उरलाय,
कुठे, ते त्याला एकट्याला ठाऊक.
"जगाला दाखवशील? खणणारे काय, जगातच राहतात."
यावर मला बोलता येईना.
आमचे बाबा शिनाण्यांची जागा
सख्ख्या भावालाही सांगत नसत.
म्हटलं, दशांशाचे शेवटचे आकडे पुसते.
चार ठेवले तर तुझी होडी सापडेल,
दोन ठेवले तर फक्त गाव.
"एकच ठेव."
एकात निम्मं बेट येईल, इडवल,
त्याचा कुणाला काय उपयोग?
मासळीबाजारात होते तशी घासाघीस झाली.
दोनावर मिटलं.

'कुणालाही वापरता येईल' या ओळीसमोर खूण केली.
बटण दाबलं.
बाहेर सीगल ओरडत होते, त्यांना कुणी मोजलेलं नाही.

नेस्टानंतरच्या ओळी मोकळ्याच आहेत,
शंखापुढे शून्यसुद्धा नाही.
त्या रंगावर बंदी आली त्यालाही आता जमाना झाला.

उद्या द्वितीया. पाणी सव्वासातला मागे जाईल.
गमबूट इडवलच्या बायकोचे,
मला एक नंबर मोठे.
दोन मोजे घालीन.